‘कार्मेन’ केपटाऊनच्या वस्तीत : ऑपेरा आफ्रिकेत नेताना मूळचे संगीत ठेवावे की टाकावे?

पंचवटीकर यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमध्ये आम्ही काही मंडळी दर महिन्याला एखादा चित्रपट पाहून त्यावर चर्चा करतो. पुढच्या बैठकीसाठी एकाच ऑपेराची दोन आफ्रिकी रूपे निवडली असून त्यांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चित्रपट पाहून झाले, पण आमच्यात जो वाद सुरू झाला तो मिटलेला नाही, म्हणून संगीत आणि नाटक या दोन्हींची जाण असलेल्या इथल्या सदस्यांचे मत विचारतो आहे.

मूळ कृती जॉर्ज बिझे याची ‘कार्मेन’. प्रॉस्पेर मेरिमे याच्या १८४५ च्या दीर्घकथेवरून रचलेला हा ऑपेरा ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. सेव्हिलच्या तंबाखूच्या कारखान्यात काम करणारी जिप्सी कार्मेन, तिच्यापायी पलटण आणि घरदार सोडणारा शिपाई दॉन होजे, तिचे मन जिंकणारा बैलझुंजीतला वीर एस्कामियो आणि अखेरीस होजेच्या हातून कार्मेनचा खून, एवढेच कथानक आहे.

पहिला चित्रपट ‘यू-कार्मेन एखायेलित्शा’. २००५ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक मार्क डॉर्नफोर्ड-मे हे मूळचे इंग्लंडचे. कथा केपटाऊनलगतच्या खायेलित्शा या वस्तीत घडते. वर्णभेदी राजवटीने १९८० च्या दशकात कृष्णवर्णीयांना शहराबाहेरच्या वाळवंटी माळावर जी वस्ती वसवून दिली, तीच ही. शिपायाचा इथे पोलीस झाला आहे, बैलझुंजीतल्या वीराच्या जागी बाहेर नाव कमावून परतलेला गायक आला आहे आणि गाणी सगळी खोसा भाषेत आहेत. बिझेचे संगीत मात्र ठेवलेले आहे.

दुसरा चित्रपट सेनेगलच्या जोसेफ गाई रामाका यांचा, २००१ सालचा ‘कार्मेन गेई’. त्यात बिझे जवळजवळ नाहीच. दुदू न्दियाये रोज यांच्या चमूचे साबार ढोल आहेत, डेव्हिड मरे यांचा जॅझ सॅक्सोफोन आहे आणि तिथल्या वोलोफ भाषेतली गाणी आहेत. सुरुवात डाकारसमोरच्या गोरे बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात होते.

आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की पहिल्या चित्रपटात आफ्रिका म्हणजे केवळ नेपथ्य आहे. पत्र्याची घरे, धुळीचे रस्ते आणि खोसा भाषा यांच्या आत वाजते ते पॅरिसचेच संगीत, त्यामुळे खरे रूपांतर दुसऱ्या चित्रपटाने केले. मला हे पटत नाही, कारण पहिला चित्रपट पाहताना कुठेही उसनेपणा जाणवला नाही. पण तसा तो का जाणवला नाही, हे मला नेमके सांगता येत नाही. संगीत तसेच ठेवूनही कृती त्या भूमीची कशी होते? आणि रूपांतर करणाऱ्याने सर्वप्रथम कशाचा निर्णय करायला हवा?

षड्ज

पंचवटीकर, तुम्हाला उसनेपणा जाणवला नाही याचे कारण पडद्यावर शोधू नका. ते त्या वस्तीतल्या गळ्यांत आहे. दक्षिण आफ्रिकेत समूहगायनाची जी परंपरा आहे, तिची माहिती असल्याशिवाय हा चित्रपट पूर्णपणे समजत नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे आपल्या शाळांबरोबर टॉनिक सोल्फा नावाची स्वरलेखनपद्धती नेली. पाच रेषांवरचे युरोपीय स्वरलेखन शिकायला वेळ लागतो आणि छापायला खर्च येतो. सोल्फामध्ये स्वरांची आद्याक्षरे ओळीने लिहिली की काम भागते. आपल्याकडे भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून जसे सारेगम वाचून बंदिश उभी करतात, जवळपास तसेच. परिणाम असा झाला की वाद्ये नसलेल्या, पियानो कधी पाहिलाही नसलेल्या गावांत चार-चार स्वरपट्ट्यांचे गायन रुजले. एनोक सोंटोंगा या मिशनशाळेतील शिक्षकाने १८९७ मध्ये रचलेली प्रार्थना सोल्फातच लिहिलेली होती, आणि तीच आज दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा पहिला भाग आहे. पुढे चर्च, शाळा आणि कामगारांची गायकवृंद-मंडळे यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्यांत स्थानिक रचनांबरोबर हँडेलचे आणि इटालियन ऑपेरांतले समूहस्वर हौसेने गायले जातात. ऑपेराचे एकही नाट्यगृह ज्याच्या आवाक्यात नाही अशा माणसाला व्हेर्दीचा एखादा कोरस आपल्या पट्टीपुरता पाठ असतो.

म्हणून खायेलित्शातल्या स्त्रिया कामाच्या ठिकाणी एकत्र गातात तेव्हा तिथल्या प्रेक्षकाला त्यात नवल वाटत नाही. कार्मेनची भूमिका करणाऱ्या पॉलीन मालेफाने यांनी केपटाऊन विद्यापीठात गायनाचे शिक्षण घेतलेले आहे, आणि संहितेचा खोसा अनुवाद त्यांनी व त्यांच्या सहकलाकार आंदिस्वा केदामा यांनी मिळून केला आहे. दिग्दर्शक इंग्लंडचा असला तरी शब्द गाणाऱ्यांनीच बसवले आहेत. कोणत्या स्वरावर कोणते अक्षर ठेवले म्हणजे श्वास पुरेल आणि अर्थही पोचेल, याचा निर्णय ज्याला तो स्वर लावायचा आहे त्यानेच केला, की गाणे अनुवादित वाटत नाही. आपल्या संगीत नाटकाचा पाया हाच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ उभे केले ते कीर्तनातल्या, लावणीतल्या आणि कर्नाटकी चालींवर मराठी शब्द बसवून. आणि ते स्वतः गाणारे, नाटक बसवणारे होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना जरूर सांगा. ‘कार्मेन’मधले सर्वांत प्रसिद्ध गाणे, म्हणजे हबानेरा, हे पॅरिसचेही नाही आणि सेव्हिलचेही नाही. बिझेने लोकगीत समजून जी चाल घेतली, ती सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराच्या गाण्याची निघाली. हबानेराचा ताल क्यूबाच्या हवाना बंदरातून स्पेनमध्ये आला होता, आणि क्यूबात तो घडला तो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या तालांशी युरोपीय नृत्याची गाठ पडून. बिझे तर स्पेनला कधी गेलाही नाही. तेव्हा ‘पॅरिसचे संगीत आफ्रिकेत नेले’ असे म्हणताना त्या संगीताच्या अंगात आधीपासून किती ठिकाणची माती होती, हे पाहिले पाहिजे.

दुसरी घंटा

षड्ज यांचे विवेचन मोलाचे आहे, तरी मी त्या ज्येष्ठ सदस्यांच्या बाजूने थोडे बोलतो. माझा संबंध नाटकाशी आहे आणि रूपांतराकडे मी त्याच नजरेने पाहतो.

नाशिकला रूपांतराची ओळख करून देण्याची गरज नाही. तात्यासाहेब शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ केला तो याच गावात राहून. पण या चर्चेला अधिक जवळचे उदाहरण पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’चे आहे. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला तो इटालियन ऑपेराला उत्तर म्हणून, रस्त्यावर लोक गात होते त्या चालींवर. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी बर्लिनमध्ये त्याचे नवे रूप केले. तिथे गेच्या काळातल्या बहुतेक चाली गेल्या आणि वाइलचे संगीत आले. पुलंनी १९७८ मध्ये ते मराठीत आणले तेव्हा वाइलही गेला आणि तमाशाची बांधणी आली. तिन्ही वेळा चोर, भिकारी, पोलीस आणि त्यांचे परस्परांतले व्यवहार राहिले. संगीत मात्र प्रत्येक वेळी त्या त्या शहराच्या रस्त्यावरून उचलले गेले. रामाका यांनी डाकारमध्ये जे केले ते याच वाटेने जाणारे आहे, आणि माझ्या मते ती अधिक अवघड वाट आहे.

अवघड का, तेही सांगतो. स्थानिक संगीत वापरले की त्याला स्थानिक मालक असतात. ‘कार्मेन गेई’मध्ये तुरुंगाची अधिकारी आंजेलिक हिच्या ख्रिस्ती अंत्यविधीच्या दृश्यावर मुरीद या सेनेगलमधल्या मुस्लिम सूफी पंथाचे एक पवित्र काव्य गायलेले आहे. २००१ मध्ये डाकारला या पंथाच्या अनुयायांनी त्याविरुद्ध तीव्र निदर्शने केली आणि चित्रपट चित्रगृहातून उतरवावा लागला. बिझेचे सूर वापरल्याबद्दल खायेलित्शात कोणी मोर्चा काढणार नाही. परक्या संगीताला जो एक प्रकारचा अभय असतो, तो सोडून रामाका यांनी जिवंत श्रद्धेच्या प्रदेशात पाऊल टाकले आणि त्याची किंमत मोजली. त्या दृश्याचा निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतील. पण त्याला नेपथ्यापुरती आफ्रिका कोणीही म्हणणार नाही.

सिन्नर फाटा

मला संगीतातले फारसे कळत नाही. पंचवटीकरांच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे सर्वप्रथम कशाचा निर्णय करावा याबद्दल, लिहितो. माझ्या मते आधी कामधंद्याचा निर्णय व्हायला हवा.

कार्मेन तंबाखूच्या कारखान्यात का काम करते? सेव्हिलच्या त्या कारखान्यात खरोखरच स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला होत्या, त्यांची स्वतःची कमाई होती आणि त्या वागण्याबोलण्यात कोणाला दबत नसत. तिच्या स्वातंत्र्याला आधार या मजुरीचा आहे. दुपारच्या सुट्टीची घंटा होते, बाया सिगारेट ओढत बाहेर येतात, पहाऱ्यावरचे शिपाई तिथे असतातच. मग भांडण, अटक आणि होजेची गाठ हे सगळे त्या एका जागेतून आपोआप निघते. खायेलित्शाच्या चित्रपटात कारखाना कायम आहे आणि पहारेकऱ्यांच्या जागी पोलीस आहेत, म्हणून कथानकाचा सांधा निखळत नाही.

हेच आपल्या जिल्ह्यात आणायचे म्हटले तर सिन्नरचा बिडी व्यवसाय कोणालाही चटकन आठवेल. माझे लहानपण त्याच वातावरणात गेले आहे. पण तिथे लगेच एक अडचण उभी राहते. बिडी वळणारी बाई बहुतेक वेळा कारखान्यात बसत नाही, घरीच वळते. रात्री भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान मांडीवरच्या सुपात घ्यायचे, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचे, तंबाखूची भुकटी लांबीवर सारखी पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायचे, तोंड नखाने आत दाबायचे आणि बारीक टोकाला दोऱ्याचे वेढे द्यायचे. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे बोलताना, मुलाला दटावताना, शेजारणीशी भांडतानाही बोटे थांबत नाहीत. अशा जीवनात दुपारची घंटा कुठे वाजणार आणि शंभर बाया एकदम बाहेर कुठून येणार?

त्यावर उत्तर एकच सुचते. वळलेला माल कारखान्यात जमा करायला सगळ्या जणी एका ठरावीक वेळी येतात. तिथे तपासणारा माणूस जुडी उलगडून बारीक-जाड बिड्या बाजूला काढतो, आणि बाजूला काढलेल्या बिडीचे पैसे मिळत नाहीत. रांग असते, उन्हाचा त्रास असतो, आणि आपल्या मेहनतीवर दुसऱ्याने बोट ठेवल्याचा संताप असतो. कार्मेनचे भांडण पेटायला याहून योग्य जागा नाही. मात्र मग त्या भांडणाचा रोख बदलेल: बाईचे बाईशी न राहता ते तपासनिसाशी होईल, आणि पुढचे सगळे प्रसंग त्या अंगाने वळवावे लागतील. स्थळ बदलले की वेशभूषेपलीकडे काय काय बदलते ते अशा एका सांध्यावर हात ठेवला म्हणजे कळते.

पंचवटीकर

तिघांचेही मनापासून आभार. सिन्नर फाटा यांनी सांध्याची जी गोष्ट मांडली तिच्यामुळे डॉर्नफोर्ड-मे यांचाच २०१५ चा ‘ब्रीद उम्फेफुम्लो’ नव्याने आठवला. तो पुचिनीच्या ‘ला बोएम’वरून केलेला आहे, आणि तोही खायेलित्शातच घडतो.

मूळ ऑपेरा १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनला झाला. पॅरिसमधल्या माळ्यावर राहणारे निर्धन कलावंत, नाताळच्या आदल्या रात्रीचा कडाका, मेणबत्ती विझते म्हणून शेजारच्या तरुणाकडे विस्तव मागायला आलेली मिमी, अंधारात हरवलेली किल्ली आणि तिच्या गार हाताला त्याच्या हाताचा झालेला स्पर्श. शेवटी क्षयाने तिचा मृत्यू. आता केपटाऊनला नाताळ भर उन्हाळ्यात येतो. आपल्याकडे निफाडची जानेवारी जशी हाडे गोठवते, तशी थंडी तिथे जून-जुलैत पडते. म्हणजे गार हात राखायचा तर सण सोडावा लागतो, आणि सण राखायचा तर गार हात सोडावा लागतो. आणि गार हाताशिवाय हे नाटक सुरूच होत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न आजाराचा. पुचिनीच्या काळात क्षयावर औषध नव्हते, त्यामुळे मिमीच्या मृत्यूला निराळे कारण द्यावे लागले नाही. आज साधा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. तरीही आजच्या मिमीला मरण येते ते निदान उशिरा झाल्यामुळे, औषधे मध्येच सुटल्यामुळे, जंतू औषधांना जुमानेनासे झाल्यामुळे किंवा जोडीला एचआयव्हीचा संसर्ग असल्यामुळे. दक्षिण आफ्रिकेत क्षयाचे प्रमाण फार मोठे आहे, आणि रुग्णांच्या एकूण संख्येत तर भारत जगात पहिला आहे. जो मृत्यू पॅरिसमध्ये दैवाचा होता, तो खायेलित्शात टाळता येण्याजोगा ठरतो. स्वर तेच राहिले तरी प्रेक्षकाच्या मनात दुःखाबरोबर रागही उभा राहतो. संगीत कायम ठेवण्याच्या बाजूने मला हा सर्वांत मोठा मुद्दा वाटतो, कारण ओळखीच्या सुरांमुळेच हा फरक टोचतो.

असाच एक बदल ‘कार्मेन’मध्येही झाला आहे. मूळ कृतीत ती जिप्सी आहे, म्हणजे इतरांपेक्षा वेगळ्या रक्ताची, आणि तिच्या बेबंदपणाचे खापर त्या वेगळेपणावर फोडण्याची सोय युरोपीय प्रेक्षकाला होती. खायेलित्शात ती आणि तिला मारणारा एकाच भाषेचे, एकाच वस्तीतले. ती सोय संपली की उरतो तो एका पुरुषाचा तिच्यावरचा हक्क, आणि ‘नाही’ म्हटल्याबद्दल घेतलेला जीव.

षड्ज

पंचवटीकर, मुद्दा अगदी नेमका पकडला आहे. परिचयात वाद्यांबद्दलही दोन शब्द असू द्या. २००५ च्या ‘कार्मेन’ला युरोपीय वाद्यवृंद आहे. त्यानंतर याच मंडळींच्या इसांगो या संस्थेने मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ रंगमंचावर आणला तेव्हा वाद्यवृंद काढून मारिंबा आणि ढोल आणले, आणि जादूच्या बासरीच्या जागी ट्रम्पेट ठेवला. ‘ब्रीद उम्फेफुम्लो’मध्येही पुचिनी मारिंबावर आहे. मारिंबाचा स्वर लाकडी पट्टीवरच्या आघातातून येतो आणि लगेच ओसरतो. व्हायोलिनसारखा तो लांबवता येत नाही. पुचिनीच्या लांब पसरलेल्या सुरावटी त्यावर वाजवायच्या तर एकाच पट्टीवर सलग जलद आघात करून स्वर धरून ठेवावा लागतो, आणि त्यातून एक सूक्ष्म कंप तयार होतो. म्हणजे ‘ठेवावे की टाकावे’ याच्या मध्ये ही तिसरी वाट त्यांनी चालून दाखवली आहे: स्वररचना तीच, पण नाद त्या भूमीचा.

दुसरी घंटा

माझी बाजू मी सोडलेली नाही, पण बैठकीसाठी एक सूचना करतो. दोन्ही चित्रपटांतला शेवटचा प्रवेश सलग दाखवा, आणि तोही परिचयाच्या सुरुवातीलाच.

बिझेने तो प्रवेश असा रचला आहे की झुंजीच्या मैदानाबाहेर होजे आणि कार्मेन दोघेच आहेत आणि आतून एस्कामियोचा जयघोष ऐकू येतो. आत विजयाचा गजर, बाहेर खून. दोन्ही एकाच क्षणी. रंगमंचावर आतला गजर फक्त ऐकवता येतो, कॅमेऱ्याला तो दाखवताही येतो. रामाका यांनी बिझेच्या संगीताचा आधार न घेता हीच रचना डाकारमध्ये उभी केली आहे: एका बाजूला यांदे कोदू सेन या थोर सेरेर गायिकेचे गाणे चालू आहे, समोर श्रोते आहेत, आणि त्याच नाट्यगृहाच्या मागच्या भागात, दोरखंड आणि फळ्यांच्या गर्दीत, लामिन, म्हणजे इथला होजे, कार्मेनला गाठतो. रामाका यांनी बिझेचे सूर टाकले, पण त्याची नाट्यरचना उचलली. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना आणि तुम्हाला हे दोन प्रवेश शेजारी ठेवून पाहता आले तर वाद संपणार नाही, मात्र तो कशाबद्दल आहे हे दोघांनाही दिसेल. प्रवेश सुरू करण्यापूर्वी आवाज नीट लावून घ्या. आतल्या गाण्याची पातळी कमी झाली तर दोन्ही दृश्यांचा अर्धा अर्थ हातचा जातो.